वाटूर येथील एक जोडचित्र आणि बोरघाटाचा लोहमार्ग

१. साधनाचें वर्णन

वाटूर हें जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यांतील एक गांव. येथील एका जुन्या शेतकरी घराचा माळा पावसाळ्यापूर्वीं झाडीत असतां गेल्या वर्षीं एक लांकडी पेटी सांपडली. तींत जमाखर्चाच्या दोन फाटक्या वह्या, एक अडकित्ता, कांचा फुटलेलें एक लांकडी यंत्र आणि पुठ्ठ्यावर चिकटविलेलें एक चित्र, एवढ्या वस्तु होत्या. वह्या वाळवीनें निकामी केल्या आहेत. चित्र मात्र बव्हंशीं शाबूत आहे. त्या घरच्या वृद्ध गृहिणीनें तें परीक्षेसाठीं मजकडे दिलें. त्या परीक्षेचा वृत्तान्त प्रस्तुत लेखांत देण्याचें योजिलें आहे.

पुठ्ठा सुमारें सात इंच लांब व साडेतीन इंच रुंद असून तो सपाट नाहीं. मध्यभागीं किंचित् आंत वळविलेला आहे. त्यावर शेजारीं शेजारीं दोन छायाचित्रें असून प्रथमदर्शनीं तीं एकाच चित्राच्या दोन प्रती वाटतात. ज्या कडेवर छापील ओळ असावयाची ती कड वाळवीनें खाल्ली आहे. त्यामुळें चित्र कोठलें, कोणी घेतलें व केव्हां घेतलें, हें सांगणारें एकहि छापील अक्षर उरलेलें नाहीं. पाठीवर शिसपेन्सिलीनें मोडींत "घाट" एवढाच शब्द लिहिलेला आहे. चित्राचा विषय असा: डोंगराच्या एका अरुंद सोंडेवर रुळांच्या जोड्या पसरल्या असून एका जोडीवर वाफेचें इंजिन व कांहीं डबे उभे आहेत. उजव्या अंगास दरी आहे. दरीपलीकडे कातळाचें एक उंच टोक आकाशांत घुसलेलें दिसतें. अगदीं पुढच्या बाजूस, रुळांलगतच्या एका दगडावर, मुंडासें व गुडघ्यापर्यंतचें धोतर नेसलेला एक मनुष्य उभा असून त्याच्या हातांत पहारीसारखी एक लांब वस्तु दिसते.

या मनुष्याविषयीं त्या घरांत एक परंपरा आहे. चित्र हातीं देतांना ती वृद्ध बाई म्हणाली, "गुरुजी, ह्यो दगडावर उभा हाय ना, त्यो आमच्या घरचा मानूस. घाट फोडाया गेल्ता." तिच्या पतीचे खापरपणजे मुंबई-पुण्याकडील घाटाच्या कामावर गेले होते, तेथून परत आले नाहींत, आणि पुढें कोणी तरी हें चित्र मुंबईहून आणलें, अशी ती हकीकत आहे. गांवांतील दुसऱ्या कांहीं मंडळींचें मत निराळें. त्यांच्या मतें चित्र आपल्या परतूरवरून जाणाऱ्या निजामाच्या रेल्वेचें आहे. तेव्हां प्रश्न तीन उपस्थित होतात. चित्र कोठलें? चित्र कोणत्या काळचें? आणि दगडावर उभा असलेला मनुष्य तो खापरपणजा होय किंवा कसें?

२. जोडचित्र म्हणजे काय

पेटींत सांपडलेलें लांकडी यंत्र म्हणजे स्टीरिऑस्कोप होय. मनुष्याच्या दोन डोळ्यांत सुमारें अडीच इंचांचें अंतर असतें. त्यामुळें एकाच वस्तूचें दोन डोळ्यांस होणारें दर्शन तंतोतंत सारखें नसतें. जवळची वस्तु डाव्या डोळ्यास जरा उजवीकडे व उजव्या डोळ्यास जरा डावीकडे सरकलेली दिसते. दूरच्या वस्तूंत हा फरक कमी होत जाऊन अतिदूरच्या डोंगरांत तो उरतच नाहीं. या फरकावरून मन अंतराचें ज्ञान करून घेतें. चार्लस् व्हीट्स्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें १८३८ सालीं हें तत्त्व मांडून तें सिद्ध करणारें यंत्र दाखविलें. पुढें डेव्हिड ब्रूस्टर यानें १८४९ सालीं भिंगांचें सुटसुटीत यंत्र तयार केलें. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनांत त्याचा बोलबाला झाला. १८६१ च्या सुमारास अमेरिकेंतील ऑलिव्हर वेंडेल होम्स यानें हातांत धरावयाचें स्वस्त यंत्र काढलें व त्याचा एकाधिकार घेतला नाहीं; त्यामुळें तें घरोघर पोहोंचलें. आमच्या पेटींतील यंत्र याच घडणीचें आहे. दोन भिंगें असलेल्या कॅमेऱ्यानें एकाच क्षणीं दोन छायाचित्रें घ्यावयाचीं, तीं पुठ्ठ्यावर शेजारीं चिकटवावयाचीं आणि यंत्रांतून पाहावयाचीं, म्हणजे दोहोंचें मिळून खोली असलेलें एक दृश्य उभें राहतें.

ज्यांनीं पोथ्यांचें काम केलें आहे त्यांस हें तत्त्व परिचित वाटेल. एकाच ग्रंथाच्या दोन प्रती अक्षरशः सारख्या असतील तर दुसरीपासून नवें कांहीं कळत नाहीं. त्यांत पाठभेद असतील तरच मूळ पाठाविषयीं विचार करण्यास जागा मिळते. जोडचित्राचेंहि तसेंच आहे. त्याचें सर्व ज्ञान दोन चित्रांतील भेदांत आहे. हा भेद पुढें आम्हांस फार उपयोगी पडला, म्हणून येथें त्याचा उल्लेख केला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंत अशा चित्रांचा मोठा व्यापार होता. अंडरवुड आणि अंडरवुड, तसेंच १८९२ सालीं स्थापन झालेली कीस्टोन या मंडळ्या जगभर चित्रकार पाठवून देशोदेशींचीं दृश्यें विकीत. अंडरवुड मंडळीकरितां हिंदुस्थानचीं चित्रें घेणारा जेम्स रिकाल्टन हा पूर्वाश्रमीचा शाळामास्तर होता, ही गोष्ट मजसारख्यास कौतुकाची वाटते. हिंदुस्थानवरील त्याच्या पुस्तकांत शंभर जोडचित्रांचें विवेचन असून, चित्रकार कोठें उभा होता व कोणत्या दिशेस पाहत होता हें नकाशांवर दाखविलें आहे. आमचें चित्र त्या संग्रहांतील आहे असें म्हणण्यास आधार नाहीं. परंतु चित्र पाहतांना आधीं उभें राहण्याची जागा शोधावी, हा धडा मीं त्याजकडून घेतला.

या धंद्यांतील आणखी एक रीत ध्यानांत ठेविली पाहिजे. दूरच्या डोंगरांत दोन चित्रांचा भेद उरत नसल्यामुळें नुसत्या डोंगराचें जोडचित्र सपाट दिसतें. म्हणून दृश्य खोल दिसावें याकरितां पुढच्या बाजूस खडक, झाड किंवा मनुष्य असावा लागतो. डोंगराची उंची कळण्यासहि मनुष्याचें माप कामास येतें. आमच्या चित्रांतील मनुष्य दगडावर सहज उभा राहिला नसून चित्रकारानें त्यास उभें केलें असण्याचा संभव अधिक आहे.

३. ठिकाणाचा निर्णय

यंत्राच्या फुटक्या भिंगांच्या जागीं जालन्याच्या एका चष्मेवाल्याकडून त्याच मापाचीं भिंगें बसवून घेतलीं आणि चित्र त्यांत घातलें. प्रथम रुळांचें माप पाहिलें. साध्या छायाचित्रांत मनुष्य रुळांच्या पुढें उभा आहे कीं बरोबरीनें, हें निश्चित सांगतां येत नाहीं, म्हणून त्याच्या उंचीशीं रुळांचें अंतर ताडून पाहणें धोक्याचें असतें. यंत्रांतून पाहतां तो दगड व जवळची रुळांची जोडी एकाच अंतरावर असल्याचें स्पष्ट झालें. मग दोहोंचें माप घेतलें असतां, दोन रुळांतील अंतर त्या मनुष्याच्या उंचीहून फारसें कमी भरलें नाहीं. अर्थात् हा मार्ग साडेपांच फुटी रुंद मापाचा आहे.

या एका मापानें बहुतेक पर्याय गळतात. दार्जिलिंगची रेल्वे (१८८१) व माथेरानची रेल्वे (१९०७) या दोन फुटी आहेत. तेथें रुळांतील अंतर मनुष्याच्या गुडघ्याच्या थोडें वर भरलें असतें. कालका-सिमला मार्ग (१९०३) अडीच फुटी आहे. निलगिरीचा मार्ग, जो १८९९ सालीं कुन्नूरपर्यंत व १९०८ सालीं उटकमंडपर्यंत गेला, तो मीटर मापाचा आहे. गोव्याच्या सरहद्दीवरील ब्रगांझा घाटाचा १८८८ चा मार्गहि मूळचा त्याच मापाचा. परतूरवरून जाणारा हैद्राबाद-मनमाड मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला तोहि मीटर मापाचाच होता. तो रुंद झाला तो अलीकडे. शिवाय गोदावरीच्या सपाट खोऱ्यांतून जाणाऱ्या त्या मार्गावर अशी दरी कोठेंहि नाहीं. तेव्हां निजामाच्या रेल्वेचें मत सोडून द्यावें लागतें. बोलन खिंडीचा मार्ग रुंद मापाचा खरा. परंतु तेथील डोंगर उजाड, आणि चित्रांतील कडे काळ्या कातळाच्या आडव्या थरांचे, पायऱ्यापायऱ्यांचे व मधून मधून झाडी असलेले, म्हणजे उघड उघड सह्याद्रीचे आहेत.

सह्याद्रींत रुंद मापाचे जुने घाटमार्ग दोन: कल्याणहून पुण्याकडे चढणारा बोरघाट व कल्याणहून इगतपुरीकडे चढणारा थळघाट. चित्रांत डोंगराच्या सोंडेवर अनेक रूळ एकत्र येऊन संपलेले दिसतात. हें रिव्हर्सिंग स्टेशनचें लक्षण होय. ज्या अरुंद सोंडेवर गाडीस वळण घेण्यास जागा नाहीं, तेथें गाडी सरळ आंत आणावयाची, इंजिन सोडून दुसऱ्या टोकास जोडावयाचें, आणि जी बाजू मागें होती ती पुढें करून दुसऱ्या रुळांवरून वर न्यावयाची, अशी ही युक्ति. अडचण अशी कीं, असें स्टेशन बोरघाटांत होतें तसेंच थळघाटांतहि होतें. माप दोहोंचें सारखें, खडक सारखा, युक्तीहि सारखी. येथें घरीं बसून निर्णय होईना.

म्हणून पावसाळा संपल्यावर परतूरास गाडींत बसून मनमाडमार्गें कल्याणास व तेथून खंडाळ्यास जाऊन आलों. या प्रवासांत प्रथम थळघाट उतरावा लागतो व मग बोरघाट चढावा लागतो, ही सोयच झाली. चित्राची प्रत हातीं ठेवून पाहिलें. थळघाटांत चित्रांतील टोकाच्या आकृतीशीं जुळणारें शिखर मला आढळलें नाहीं. खंडाळ्यास जुन्या सडकेवर, जेथें १८३० सालचा अमृतांजन पूल २०२० सालीं पाडीपर्यंत उभा होता त्या परिसरांतून, दरीपलीकडे नागफणीचें टोक दिसतें. इंग्रजांनीं त्यास ड्यूकचें नाक म्हटलें. चित्रांतील टोक तेंच. माथ्याचा बांक, त्याखालचा सरळ तुटलेला कडा आणि डावीकडची उतरती धार, या तिन्ही गोष्टी जुळल्या. चित्र बोरघाटांतील रिव्हर्सिंग स्टेशनचें आहे याविषयीं मला शंका उरली नाहीं. पाठीवरील मोडी अक्षरें लिहिणाऱ्यानें बरोबर लिहिलें होतें.

४. काळाचा निर्णय

चित्रांत विजेचे खांब व तारा नाहींत. कल्याण-पुणें मार्गाचें विद्युतीकरण १९२९ सालीं झालें व त्याच सुमारास नवी आंखणी करून रिव्हर्सिंग स्टेशन वगळण्यांत आलें. तेव्हां चित्र १९२९ च्या पूर्वींचें, ही खालची मर्यादा. वरची मर्यादा पुठ्ठ्यावरून ठरते. आरंभींचे जोडचित्रांचे पुठ्ठे सपाट असत. आंत वळविलेले पुठ्ठे १८८० च्या सुमारापासून प्रचारांत आले. छायाचित्राचा कागद भिंगाखालीं पाहतां पृष्ठभागावर बारीक भेगांचें जाळें दिसतें व पांढरे भाग पिंवळे पडले आहेत. अंड्यांतील पांढऱ्या द्रवाचा लेप दिलेल्या कागदाचें हें लक्षण असून तसा कागद विसाव्या शतकाच्या आरंभीं मागें पडला. यावरून चित्र १८८० ते १९०५ या पंचवीस वर्षांतील असावें असें ठरतें.

येथेंच त्या घरच्या परंपरेस पहिला धक्का बसतो. कारण बोरघाटाचा मार्ग १८५६ ते १८६३ या काळांत फोडला गेला. जो घाट फोडण्यास गेला व परत आला नाहीं, तो मनुष्य काम पुरें झाल्यावर सतरा वर्षांनीं किंवा त्याहूनहि नंतर त्याच ठिकाणीं पहार घेऊन तरुणपणीं उभा असणें संभवत नाहीं.

दुसरा धक्का यंत्रानेंच दिला. नुसत्या डोळ्यांनीं पाहतां जी लांब पहार दिसते, ती यंत्रांतून पाहतांच दोन तुकड्यांत विभागली. वरचा लांब भाग मनुष्याच्या बराच मागें, रुळांपलीकडे उभ्या असलेल्या एका खांबाचा निघाला. हातांत उरली ती हातभर काठी, आणि तिच्याभोंवतीं गुंडाळलेलें कापड. म्हणजे तें निशाण होय. हा मनुष्य घाट फोडणारा मजूर नसून, पुरा झालेल्या मार्गावर गाडीस निशाण दाखविणारा रेल्वेचा नोकर आहे. दोन चित्रें ताडून पाहिलीं नसतीं तर ही पहार तशीच राहिली असती, आणि मींहि ती पहारच समजलों असतों.

५. घाटाचें काम

आतां प्रश्न उरतो तो परंपरेचा. ती तपासण्यापूर्वीं त्या कामाचें स्वरूप थोडक्यांत सांगितलें पाहिजे.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची पहिली गाडी मुंबईहून ठाण्यास १६ एप्रिल १८५३ रोजीं गेली, हें वाचकांस विदित आहेच. त्या रेल्वेस देशावर चढविण्याचें काम मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कले याजकडे होतें. घाटाचें काम जानेवारी १८५६ मध्यें सुरू झालें. त्याच वर्षीं घाटाच्या पायथ्याशीं खोपोलीपर्यंत गाडी आली, आणि जून १८५८ मध्यें माथ्यावर खंडाळा ते पुणें हा मार्ग सुरू झाला. मधला घाट मात्र तयार नव्हता. त्यामुळें पांच वर्षें उतारू खालीं उतरून पालखीनें, गाडीनें अथवा पायीं सडकेचा घाट चढत आणि वर पुन्हां गाडींत बसत. ही सडक गव्हर्नर जॉन माल्कम याच्या वेळीं १८३० सालीं चाकाच्या गाडीस योग्य झाली होती.

लोहमार्गाच्या घाटाची लांबी सुमारें पावणेसोळा मैल असून तेवढ्यांत १,८३१ फूट उंची चढावयाची होती. सर्वांत कठीण चढ ३७ फुटांस एक फूट असा. पंचवीस बोगदे व आठ मोठे कमानींचे पूल बांधावे लागले. कडे इतके सरळ कीं, सुरुंगाचीं भोकें पाडणाऱ्या मजुरांस कित्येक ठिकाणीं वरून दोरांनीं सोडावें लागे. पावसाळ्यांत काम फार मंदावे. खरें काम कोरड्या महिन्यांतच होई. १८६१ च्या सुमारास कामावरील माणसांची संख्या ४२,००० पर्यंत गेली होती.

पहिला ठेकेदार विल्यम फेव्हिएल. त्याच्या कारकीर्दींत, जानेवारी १८५९ मध्यें, मजुरांनीं दंगा केला. त्याच्या मुळाशीं मजुरी थकल्याची व कमी दिल्याची तक्रार होती. त्याच वर्षीं फेव्हिएलनें काम सोडलें. पुढें सॉलोमन ट्रेडवेल यास ठेका मिळाला. तो १८५९ च्या अखेरीस हिंदुस्थानांत आला आणि थोड्याच दिवसांत आजारानें वारला. त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिनें ठेका न सोडतां ॲडमसन व क्लाउझर या दोघांच्या व्यवस्थेखालीं तो पुरा करविला. बर्कलेची प्रकृति बिघडून तो इंग्लंडास परत गेला व ऑगस्ट १८६२ मध्यें वारला. घाट सुरू झालेला त्यानें पाहिला नाहीं. २१ एप्रिल १८६३ रोजीं गव्हर्नर बार्टल फ्रीअर याच्या हस्तें घाट खुला झाला. पुरें झालेलेंहि सर्व टिकलें असें नाहीं. घाटांतील एक मोठा कमानींचा पूल १८६७ सालीं कोसळला व पुन्हां बांधावा लागला.

ठेकेदारांचीं, अभियंत्यांचीं व त्या धीराच्या स्त्रीचें नांव ग्रंथांत आहे. बर्कलेनें १८६० सालीं लंडनच्या अभियंत्यांच्या संस्थेपुढें निबंध वाचला, त्यांत खडकाचा, चढाचा व बोगद्यांचा हिशेब आहे. मजुरांचा हिशेब मात्र संख्येंत आहे. पटकीच्या सांथी छावण्यांतून फिरत. ठेकेदार वारला त्याची नोंद झाली, मजूर गेले ते आंकड्यांत गेले.

६. ऐतिह्याची परीक्षा

न्यायशास्त्रांत प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशीं चार प्रमाणें मानलीं आहेत. पूर्वपक्ष असा कीं, ऐतिह्य व संभव हींहि प्रमाणेंच होत. ऐतिह्य म्हणजे मूळ वक्ता कोण हें ठाऊक नसतां पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलें वचन. सूत्रकार त्यास निराळें प्रमाण मानीत नाहींत, पण टाकूनहि देत नाहींत. त्याचा समावेश ते शब्दांत करतात. म्हणजे शब्दास जी परीक्षा, तीच ऐतिह्यास. हा मध्यम मार्ग इतिहाससंशोधकांनींहि पत्करण्याजोगा आहे.

वाटूरच्या घरांतील ऐतिह्यांत वस्तुतः दोन विधानें आहेत आणि तीं एकमेकांपासून अलग केलीं पाहिजेत. पहिलें, घरचा एक पुरुष घाटाच्या कामावर गेला व परत आला नाहीं. दुसरें, चित्रांतील मनुष्य तोच. दुसरें विधान वर दाखविल्याप्रमाणें टिकत नाहीं. परंतु तें पडल्यानें पहिलें पडत नाहीं. चित्र घरीं आल्यावर, जुनी आठवण त्यास चिकटली असावी. घाट हा शब्द पाठीवर होता, घाटांत गेलेला माणूस घरच्या बोलण्यांत होता, आणि चित्रांत एक चेहरा होता. या तिहींची गांठ पडण्यास फार वेळ लागला नसावा.

पहिल्या विधानाविषयीं काय म्हणावें? एवढ्या मोठ्या कामावर मजूर दूरदूरच्या मुलखांतून येत. वडार, बेलदार अशा माती-दगडाचें काम जाणणाऱ्या जमाती कामामागून फिरत असत. त्यांजबरोबर सामान्य कुणबी व इतर शेतकरीहि कोरड्या महिन्यांत मजुरीस बाहेर पडत. वाटूर ते खंडाळा हें अंतर अडीचशें मैलांच्या आसपास. मधें निजामाचा मुलूख संपून इंग्रजांचा लागे. पायीं जाणाऱ्यास हें अंतर कठीण आहे, अशक्य नाहीं. पिढ्यांचा हिशेबहि जुळतो. कारण त्या बाईच्या पतीचे खापरपणजे १८६० च्या सुमारास तरुण असणें स्वाभाविक आहे. परंतु येथें थांबलें पाहिजे. नैयायिकांचा संभव असा कीं, शंभरांत पन्नास आहेतच. बेचाळीस हजारांत अमुक गांवचा अमुक एक होता, हा तो संभव नव्हे. ही नुसती शक्यता आहे. ती खोडणारें कांहीं सांपडलें नाहीं, व सिद्ध करणारेंहि कांहीं सांपडलें नाहीं. एवढेंच प्रामाणिकपणें म्हणतां येतें.

अशा ऐतिह्याचें एक उदाहरण खुद्द बोरघाटांत उभें आहे. जुन्या सडकेवर शिंगरोबाचें देऊळ आहे. शिंगरोबा नांवाच्या धनगरानें साहेबांस घाट चढण्याची वाट दाखविली आणि त्याबद्दल त्यास प्राणास मुकावें लागलें, अशी कथा सांगतात. कोणी ती सडकेची म्हणून सांगतात, कोणी लोहमार्गाची. या कथेंत इतिहास किती याचा निर्णय आज करतां येत नाहीं. तथापि ज्या घाटाच्या कागदोपत्रीं इतिहासांत वाट जाणणाऱ्या स्थानिक माणसास जागा मिळाली नाहीं, त्याच घाटांत लोकांनीं त्यास देऊळ बांधून जागा दिली, ही गोष्ट स्वतः ऐतिहासिक आहे. आजहि गाड्या थांबवून लोक तेथें नाणें टाकून पुढें जातात. वाटूरच्या घरानें आपल्या माणसास देऊळ बांधलें नाहीं. एक पुठ्ठा जपून ठेवला.

७. उपसंहार

हा निर्णय त्या वृद्ध बाईस सांगणें मला जड गेलें. कागद खोटा ठरला तर मनुष्य रागावतो, पण तो कागदच असतो. येथें एका घरचा पूर्वज हातांतून काढून घ्यावयाचा होता. मीं यंत्र तिच्या हातीं दिलें व पाहण्यास सांगितलें. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असल्यानें तिला बरें दिसतें. पुष्कळ वेळ ती पाहत होती. पहार दुभंगलेली तिलाहि दिसली. निशाणाचें कापड तिनें माझ्या आधीं ओळखलें. मग यंत्र खालीं ठेवून म्हणाली, "मग कुनाचा तरी असंलच की, गुरुजी. राहू द्या आमच्यातच."

तिचें म्हणणें मला मान्य झालें. चित्र तिच्या घरींच आहे. वाळवीपासून बचावासाठीं तें कापडांत गुंडाळून पत्र्याच्या डब्यांत ठेविलें असून सोबत एक कागद ठेविला आहे. त्यावर दोन नोंदी स्वतंत्र लिहिल्या आहेत. पहिली: बोरघाट, रिव्हर्सिंग स्टेशन, काळ अदमासें १८८० ते १९०५, पुढें उभा असलेला मनुष्य रेल्वेचा निशाणवाला, नांव अज्ञात. दुसरी: या घरचा एक पुरुष १८५६ ते १८६३ च्या दरम्यान त्याच घाटाच्या कामावर गेला व परतला नाहीं, अशी घरची परंपरा, आधार, घरच्या वडील मंडळींचें तोंडी सांगणें, सांगणाऱ्या बाईचें नांव व दिनांक. या दोन नोंदी एकमेकींत मिसळूं नयेत एवढ्यासाठीं मधें रेघ ओढली आहे.

ज्यांच्या संग्रहीं घाटांचीं अथवा लोहमार्गांचीं जुनीं जोडचित्रें असतील त्यांस विनंति कीं, त्यांनीं चित्रांबरोबर घरांत चालत आलेली हकीकतहि लिहून ठेवावी. मात्र ती चित्राच्या पाठीवर न लिहितां निराळ्या कागदावर, कोणी सांगितली व केव्हां सांगितली यासह लिहावी. तसेंच बोरघाट वा थळघाट यांच्या कामावर मराठवाड्यांतून गेलेल्या मजुरांविषयीं कोणाच्या दप्तरांत एखादें पत्र, कर्जरोखा किंवा वारसाचा अर्ज आढळल्यास त्यांनीं मंडळाकडे अवश्य कळवावें. असा एखादा कागद हातीं आल्यास वरील दुसऱ्या नोंदीचा पुनर्विचार करण्यास मी सिद्ध आहें.